शंकेची रेघ

तृतीय वर्ष, कला (इतिहास)

कला शाखेच्या वार्षिकांकात संगणकावरच्या आरेखनाविषयी लेख पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील. तंत्रनिकेतनाच्या अंकातले पान चुकून आमच्या अंकात शिवले गेले की काय, अशी शंका एखाद्या प्राध्यापकांनाही येईल. पण मित्रहो, विषय आपलाच आहे. एखादी गोष्ट आपल्याला किती ठाऊक आहे आणि आपण ती किती ठामपणे सांगतो, या दोहोंमधल्या अंतराचा हा विषय आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याच्याकडे पाठ फिरवली, तर मग त्याने पाहायचे तरी कशाकडे?

गेली दोन वर्षे संध्याकाळच्या वेळी मी एका वास्तुविशारदांच्या कार्यालयात आरेखनाचे काम करते. तिथे दिवसातून पन्नास वेळा कानावर पडणारा शब्द म्हणजे 'हॅच'. "भिंतींना हॅच मार", "काँक्रीटचा हॅच बदल", "हॅच का बसत नाही बघ". हॅच म्हणजे मिटलेल्या आकाराच्या आत ठरावीक नक्षी भरणे. तिरप्या रेघा, ठिपके, विटांची रचना, खडीसारखे बारीक त्रिकोण, असे काय काय. साध्या मराठीत याला रेघोट्या म्हटले तरी चालेल. मात्र 'रेघोट्या ओढणे' याचा आपल्याकडे रिकामटेकडेपणा असा अर्थ होतो. नकाशातल्या रेघोट्या रिकामटेकड्या नसतात, आणि माझे सारे म्हणणे तिथूनच सुरू होते.

कांदा उभा चिरला की आतले पापुद्रे दिसतात. घर, धरण किंवा यंत्र असेच कल्पनेने चिरून कागदावर दाखवले, की त्याला छेद म्हणतात. कल्पनेतली सुरी जिथे भरीव वस्तूतून गेली, तिथे रेघा मारायच्या. जिथे मोकळ्या हवेतून गेली, तिथे कागद कोरा ठेवायचा. भिंतीत रेघा असतात, खोलीत नसतात. म्हणजे प्रत्येक रेघाटलेला तुकडा हे एक विधान आहे. 'इथे काहीतरी भरीव आहे, आणि ते अमुक पदार्थाचे आहे', असे तो सांगतो. विधान म्हटले की ते खरे किंवा खोटे ठरू शकते. शोभेच्या नक्षीला कुणी खोटी म्हणत नाही. नकाशातली नक्षी खोटी असू शकते.

माझे मामा पाटबंधारे खात्यात आरेखक होते. त्यांच्या काळी हे काम हाताने चाले. टी-स्क्वेअरवर गुण्या ठेवायचा, पेनात शाई भरायची, आणि पंचेचाळीस अंशांची एकेक रेघ, मधले अंतर नजरेने सारखे राखत, पारदर्शक कागदावर ओढायची. शाई वाळेपर्यंत गुण्या सरकवायचा नाही. एका मोठ्या भिंतीच्या छेदाला दुपार जाई. मामांकडून मी त्या कामाचे संकेत ऐकले, आणि ते ऐकताना मला व्याकरणाच्या तासाची आठवण झाली. लगत असलेल्या दोन भागांच्या रेघा एकाच दिशेने मारायच्या नाहीत, नाहीतर दोन वस्तूंची एक वस्तू होते. पत्रा फार पातळ असेल, तर तो सबंध काळा करायचा. बोल्ट, नट, दांडा हे लांबीच्या दिशेने कापले गेले तरी त्यांच्यात रेघा मारायच्या नाहीत. ते आत भरीवच असतात, त्यांना कापून नवे काही कळत नाही. मोजमापाचा आकडा आला, की रेघेने थांबून त्याला वाट द्यायची. आणि सर्वांत मौजेचा संकेत असा, की क्षेत्र फार मोठे असेल तर ते सगळे भरायचे नाही, कडेकडेने थोडेसे भरायचे. उरलेले पाहणारा समजून घेतो. 

पण खरी गोष्ट मामांनी शेवटी सांगितली. "अगं, रेघा मारताना हात गुंतलेला असतो, पण डोकं मोकळं असतं. अर्धी भिंत झाली की आपोआप मनात येतं, ही भिंत खरंच दगडाची आहे का? की विटांची? कुणी पाहिली आहे का? मग उठून साहेबांना विचारायला जायचं." म्हणजे त्या कंटाळवाण्या कामात एक तपासणी आपसूक होत होती. तिचे वेगळे नाव नव्हते, तिच्यासाठी वेगळा रकाना नव्हता.

रेघांची ही भाषा इंजिनिअरांच्या आधीपासूनची आहे. युरोपातल्या सरदार घराण्यांच्या ढालींवर रंगीत चिन्हे असत. पण छापखान्यात रंग छापणे कठीण होते. सिल्व्हेस्ट्रो पेत्रा सांक्ता या इटालियन जेझुइट पंडिताने १६३८ साली रोममध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एक पद्धत वापरली. उभ्या रेघा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा, तिरप्या म्हणजे हिरवा, ठिपके म्हणजे सोनेरी, आणि कोरी जागा म्हणजे रुपेरी. हाच संकेत पुढे युरोपभर रूढ झाला. यातली शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तिथे कोऱ्या जागेलाही अर्थ होता. कोरे म्हणजे राहून गेलेले, असे कुणी समजत नव्हते.

आता संगणकाकडे येऊ. १९६३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा प्रबंध लिहिला आणि पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढून दाखवली. तिथून सुरू झालेली वाट १९८२ च्या डिसेंबरात 'ऑटोकॅड'पर्यंत आली, आणि आरेखन घरगुती आकाराच्या संगणकावर उतरले. सुरुवातीच्या आवृत्त्यांत हॅच भरायचा तर आकाराच्या कडा एकेक निवडून यंत्राला दाखवाव्या लागत. दोन रेघांची टोके नेमकी जुळलेली नसली, तर नक्षी भलतीकडेच सांडे. १९९२ च्या बाराव्या आवृत्तीत सोय आली, की आकाराच्या आत कुठेही बोट ठेवा, कडा यंत्र स्वतः शोधील. १९९४ च्या तेराव्या आवृत्तीत नक्षी कडेशी बांधली गेली. भिंत सरकवली की तिच्या आतल्या रेघाही सरकू लागल्या. मामांची दुपार एका टिचकीवर आली.

ही नक्षी यंत्राला कशी कळते, याचे मला कुतूहल होते. पाहिले तर तिची एक साधी मजकुराची फाईल असते. प्रत्येक नक्षीचे नाव, आणि खाली आकड्यांच्या ओळी: रेघेचा कोन किती, सुरुवात कुठून, पुढची रेघ किती अंतरावर, रेघ तुटक असेल तर तुकडे केवढे. सर्वांत जास्त वापरली जाणारी नक्षी 'अ‍ॅन्सी ३१'. तिची व्याख्या एका ओळीची आहे: कोन ४५ अंश, दोन रेघांमधले अंतर एक अष्टमांश इंच. आणि तिच्या नावापुढे वर्णन काय दिले आहे? लोखंड, वीट, दगडी बांधकाम. तिन्हींना एकच नक्षी! ३३ क्रमांकाची नक्षी कांसे, पितळ आणि तांबे यांना मिळून आहे, तर ३६ क्रमांकाची संगमरवर, पाटीचा दगड आणि काच यांना. नुसत्या नक्षीवरून पदार्थ कळतो, हा आपला समज त्या फाईलनेच खोटा पाडला आहे. शेजारी सूची नसेल, तर तिरप्या रेघा पाहून वाचणारा आपल्या मनातलाच पदार्थ वाचतो. विटा मनात असल्या तर विटा, दगड मनात असले तर दगड.

या यंत्राची एक अट मात्र मला मनापासून आवडते. आकार मिटलेला असला पाहिजे. चौकटीला कुठे केसाएवढी फट असली, तरी यंत्र नक्षी भरायला नकार देते, आणि नव्या आवृत्त्यांत तर फट कुठे आहे ते तांबड्या वर्तुळाने दाखवते. नवख्या माणसाला याचा फार राग येतो. आमच्या कार्यालयात या कारणाने उंदरावर, म्हणजे संगणकाच्या माउसवर, हात आपटलेले मी पाहिले आहेत. पण विचार केला तर ही शिस्त चांगली आहे. 'तुझी हद्द कुठली ते आधी सांग, मग तिच्याविषयी बोल', असे यंत्र म्हणते. आपल्या वादविवाद स्पर्धांत असे एखादे यंत्र बसवता आले असते, तर किती भाषणे दुसऱ्याच वाक्याला थांबली असती!

अर्थात माणसाने या शिस्तीतही पळवाट करून ठेवली आहे. फटीची मुभा नावाचा एक आकडा असतो. मुळात तो शून्य असतो. तो वाढवला, की तेवढ्या मापापर्यंतच्या फटी यंत्र मिटलेल्याच समजते. हात कापल्यामुळे राहिलेली फट असेल, तर ही सोय उपकारक आहे. पण फट जमिनीवरच असेल तर? भिंत तिथे खरोखरच पडलेली असेल, किंवा पुढे आहे की नाही हे कुणी पाहिलेच नसेल तर? दोन्ही फटी पडद्यावर सारख्याच दिसतात. कोणती फट हाताची आणि कोणती जगाची, हे यंत्राला कळायचा मार्ग नाही. ते आरेखकालाच कळले पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते. आरेखनात शंका दाखवण्याची एक जुनी, सभ्य रीत आहे, आणि ती म्हणजे तुटक रेघ. जे पाहिले ते अखंड रेघेने काढायचे. जे दडलेले आहे किंवा तर्काने ठरवले आहे, ते तुटक रेघेने. तुटक रेघ म्हणजे सर्वेक्षकाने हळू आवाजात म्हटलेले 'बहुधा'. पण संगणकाला हे 'बहुधा' ऐकू येत नाही. त्याच्या लेखी तुटक रेघ ही अखंड रेघच असते. तुकडे फक्त डोळ्यांना दाखवण्यापुरते. चार तुटक रेघांची चौकट केली आणि आत बोट ठेवले, की यंत्र एकही प्रश्न न विचारता ती काठोकाठ भरून देते. तांबडे वर्तुळ येत नाही, नकार येत नाही. बोटभर फटीसाठी अडून बसणारे यंत्र माणसाच्या शंकेसाठी क्षणभरही थांबत नाही. आणि एकदा आत ठसठशीत रेघा भरल्या गेल्या, की कडेची तुटक रेघ पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटते. भरलेला भाग इतका ठाम दिसतो, की त्याच्या कडेचे 'बहुधा' कुणाला दिसतच नाही.

हे केवळ शब्दांचे खेळ वाटू नयेत म्हणून एक घडलेली हकिगत सांगते. गावाचे आणि माणसांचे नाव घेत नाही. त्याची गरजही नाही. एका गावात जुनी दगडी बारव होती. तीन बाजूंच्या पायऱ्या उघड्या होत्या. चौथी, पूर्वेची बाजू गाळाने भरलेली, वर घाणेरीचे रान माजलेले. दुरुस्तीसाठी मोजणी झाली. मोजणाऱ्याने तीन बाजू अखंड रेघेने काढल्या आणि चौथी बाजू तशीच असणार असे धरून तुटक रेघेने काढली. त्याने अगदी योग्य केले. पुढे तो नकाशा संगणकावर चढवताना चारही बाजूंना दगडी बांधकामाची एकच नक्षी भरली गेली. मग नकाशा लहान कागदावर छापला गेला, आणि तुटक रेघेचे तुकडे एकमेकांना चिकटून अखंड दिसू लागले. अंदाजपत्रक करणाऱ्याने नकाशा वाचला: चारही बाजूंना दगड आहे. त्याने पूर्वेच्या बाजूसाठी गाळ काढणे आणि दरजा भरणे एवढाच खर्च धरला. आता तर भरलेल्या भागाचे क्षेत्रफळही यंत्र आपणहून सांगते, दशांश चिन्हाच्या पुढच्या आकड्यांसकट. आकडा एवढा बारीक असल्यावर त्याच्यावर कोण शंका घेणार?

काम सुरू झाले. गाळ निघाला, आणि खालच्या सहा पायऱ्या तिथे नव्हत्याच. गावातली म्हातारी माणसे म्हणाली, ते दगड आमच्या बापजाद्यांच्या वेळीच उचलले गेले. काही गोठ्यांत गेले, काही जोत्यांत. ज्यांना हे ठाऊक होते त्यांना कुणी विचारले नव्हते, कारण नकाशात विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते. पैसे गाळ काढण्यात संपले. नव्या दगडाला तरतूद नव्हती. काम थांबले, पावसाळा आला, आणि उघडी पडलेली पूर्वेची माती वाहून पुन्हा बारवेत आली. गावाने दोष दिला गवंड्याला, कारण समोर तोच होता. फेरमोजणीचे काम आमच्या कार्यालयाकडे आले, तेव्हा ते जुने कागद मी पाहिले.

यात खोटे कोण बोलले? मोजणाऱ्याची रेघ प्रामाणिक होती. नक्षी भरणाऱ्याने सांगितलेले काम केले. यंत्राने आपला धर्म पाळला. अंदाजपत्रक करणाऱ्याने नकाशा जसा होता तसा वाचला. एकानेही लबाडी केली नाही, आणि तरी कागदावर सहा पायऱ्या उभ्या राहिल्या, ज्या जमिनीवर नव्हत्या. एका माणसाची शंका दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचेपर्यंत वाटेत गळून पडली. ती नेमकी कुठे गळाली, असे मला विचाराल, तर मी त्या टिचकीकडे बोट दाखवीन.

इतिहासाच्या मित्रांना यात ओळखीचे काही दिसले असेल. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगातली आख्खी शेतकरी वस्ती उजेडात आणली. तिथली घरे मातीची आणि कुडाची. भिंती केव्हाच मातीला मिळालेल्या. हाती लागतात त्या चोपलेल्या जमिनी, चुली, आणि खांब रोवलेले खळगे. हे खळगे मनाने जोडले की घराचा आकार उभा राहतो: आधीच्या काळातली चौकोनी घरे, उत्तर जोर्वे काळातल्या लहान गोल झोपड्या. हे जोडणे हा संशोधकाचा अभ्यासपूर्ण तर्क असतो. पण असतो तर्कच. आता असा नकाशा संगणकावर काढायचा म्हणा. खळग्यांची वर्तुळे आपोआपच मिटलेली असतात, ती पाहिलेलीही असतात. ती भरायला हरकत नाही. पण त्यांना जोडणाऱ्या दोन समांतर तुटक रेघा काढल्या, आणि 'भिंत' म्हणून त्यांच्यात मातीची नक्षी भरली, की तीन हजार वर्षांपूर्वी विरलेली भिंत आपण एका टिचकीत बांधून मोकळे होतो.

मातीच्या थरांचेही तसेच. १९४४ साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक म्हणून आलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी त्याच वर्षी तक्षशिलेला प्रशिक्षण शिबिर भरवले आणि खड्ड्याच्या उभ्या भिंतीवरचे थर नीट ओळखून, क्रमांक देऊन काढण्याची शिस्त इथल्या विद्यार्थ्यांना लावली. थर काही कपाटातल्या कप्प्यांसारखे नसतात. कुठे एक थर दुसऱ्यात मिसळून जातो, कुठे उंदरा-घुशींनी बीळ करून दोन थरांची खिचडी केलेली असते. अशा ठिकाणी प्रामाणिक आरेखक रेघ तुटक करतो, किंवा सोडूनच देतो. सोडलेली रेघ म्हणजे उघडा आकार. आणि उघड्या आकारात हॅच बसत नाही. मग हॅच बसवण्यासाठी रेघ जोडण्याचा मोह होतो. रेघ जोडली कशासाठी? मातीत दिसली म्हणून नव्हे, यंत्राला हवी होती म्हणून! पुराव्याने चित्र ठरवायचे, की चित्र भरण्याच्या सोयीने पुरावा ठरवायचा, हा प्रश्न पडद्यावरच्या इवल्याशा फटीत उभा असतो.

भूगोलाच्या मित्रांनीही हसू नये. फ्रान्समधल्या शार्ल द्युपँ यांनी १८२६ साली देशाच्या विभागांचा एक नकाशा प्रसिद्ध केला. शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण जिथे कमी, तो विभाग अधिक काळा. मिटलेल्या आकारात छटा भरून आकडेवारी दाखवण्याची रीत तिथून रूढ झाली. ती सोयीची आहे यात वाद नाही. पण तिच्यात हद्दीच्या आत सगळीकडे एकच छटा असते. विभागाच्या एका टोकाला उत्तम शाळा असेल आणि दुसऱ्या टोकाला एकही नसेल, तरी नकाशा दोन्ही गावांना सारखेच काळे करतो. हद्द ठरवली कुणी कारभाऱ्याने, आकडा आला सरासरीचा, आणि रंग मात्र प्रत्येक घराला लागला. मिटलेल्या चौकटीचा हा गुण म्हणा की दोष, आतला फरक ती पुसून टाकते.

इथे दोन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत, कारण दोन्ही मी घरात आणि कार्यालयात ऐकले आहेत.

पहिला आक्षेप मामांच्या पिढीचा. "म्हणूनच म्हणतो, हाताचं काम ते हाताचं काम." मामांचा मान राखून मला हे पटत नाही. हातानेही खोट्या रेघा मारता येतात, आणि मारल्या गेल्या आहेत. दुपारभर रेघा ओढून मान अवघडलेला आरेखक प्रत्येक वेळी उठून साहेबांना विचारायला जात असेल, असे समजणे भाबडेपणाचे होईल. यंत्राने माणसाला खोटे बोलायला शिकवले नाही. त्याने एवढेच केले, की भरणे आणि न भरणे यांतला श्रमाचा फरक नाहीसा केला. पूर्वी माहीत नसलेली जागा कोरी ठेवणे हे खरेपणाचेही होते आणि सोयीचेही. आळस आणि सत्य एकाच बाजूला उभे होते. आता भरायला काहीच पडत नाही. म्हणून कोरे ठेवायला आता निश्चय लागतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. "कोरी जागा दिसली की गिऱ्हाईक म्हणतं नकाशा अपुरा आहे, परीक्षक म्हणतात विद्यार्थी आळशी आहे." हे खरे आहे, आणि हाच या प्रश्नाचा गाभा आहे. आपण सगळेच भरलेल्या चौकटींवर भाळतो. उत्तरपत्रिकेत पुरवण्या जोडलेल्या पाहून आपण प्रभावित होतो. 'मला एवढेच माहीत आहे' असे लिहून थांबणाऱ्याला गुण देण्याची आपल्याकडे रीत नाही. मग आरेखकाकडून तरी वेगळी अपेक्षा कशी करायची? गिऱ्हाइकाला आणि परीक्षकाला कोरी जागा वाचायला शिकवले पाहिजे. पेत्रा सांक्ताच्या वाचकाला कोरे म्हणजे रुपेरी हे कळत होते. आपल्या वाचकाला कोरे म्हणजे 'अजून पाहिलेले नाही' हे कळायला काय हरकत आहे?

नुसती तक्रार करून थांबू नये, म्हणून माझ्या मते काय करता येईल ते सांगते. आपल्या इतिहास आणि भूगोल विभागांच्या सहली आता जुने वाडे, बारवा, गढ्या मोजतात, आणि त्यांचे नकाशे संगणकावर काढले जातात. या कामासाठी चार साधे नियम घालून घ्यावेत. पहिला, तुटक रेघेने मिटलेल्या आकारात नक्षी भरू नये. भरायचीच झाली तर तिच्यासाठी वेगळी, फिकट नक्षी ठेवावी आणि सूचीत तिच्यापुढे 'अंदाजित' असे स्वच्छ मराठीत लिहावे. दुसरा, प्रत्येक नक्षीचा अर्थ सूचीत द्यावा, कारण एकच तिरपी रेघ लोखंडही असते आणि वीटही. तिसरा, फटीची मुभा शून्यावर ठेवावी. फट सापडली की ती हाताची की जागेवरची हे आधी ठरवावे, आणि जागेवरची असेल तर तिला फट म्हणूनच राहू द्यावे. चौथा नियम प्राध्यापकांसाठी आहे, तो मी भीत भीत लिहिते: ज्या विद्यार्थ्याने जागा कोरी ठेवून तिच्याशेजारी कोरी का ठेवली याचे कारण लिहिले असेल, त्याचे गुण कापू नयेत. जमल्यास एखादा वाढवावा.

आणि यांहून महत्त्वाची एक गोष्ट. मामांची दुपार आता आपल्याजवळ शिल्लक राहते. ती कुठे जाते? आमच्या कार्यालयात ती आणखी एका नकाशात जाते, त्यावरची शिल्लक आणखी एकात. त्या शिल्लक वेळातला एक तास जरी जागेवर पुन्हा जाऊन पाहण्यात घालवला, घाणेरीचे रान थोडे बाजूला सारले, पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला "बाबा, इथले दगड कुठे गेले?" एवढे विचारले, तर यंत्राने आपल्याला खरोखरच काही दिले असे म्हणता येईल. रेघा मारता मारता आपोआप होणारी ती तपासणी आता आपोआप होणार नाही. ती मुद्दाम करावी लागेल.

बारवेच्या नव्या नकाशात आम्ही पूर्वेची बाजू भरलेली नाही. तिथे तुटक रेघ आहे, आत कोरा कागद आहे, आणि शेजारी मजकूर आहे: 'गाळ पूर्ण निघाल्यावर पाहून ठरवावे.' अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळी रक्कम धरली आहे. नकाशा पाहून एक गृहस्थ म्हणाले, "एवढा भाग राहिलेला दिसतो." त्यांना सांगितले, राहिलेला नाही, ठेवलेला आहे.